भोंग्याचा उपास

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकलात तर डुलकी लागेल, आणि ही गोष्ट डुलकीत ऐकायची नाही. गोष्ट एका कुत्र्याची आहे. पण तिच्यात एक बुवा आहेत, एक आत्या आहे, येऊ घातलेलं एक बाळ आहे, आणि देवाची दया म्हणाल तर ती जागोजागी आहे. ऐका तर.

बुवांनी भोंग्याचा वरचा ओठ उचलला, हिरडीवर बोट टेकवलं, आणि ते सुळकन घसरायच्या ऐवजी तिथेच चिकटलं. एरवी ज्याच्या लाळेने उंबऱ्यापासून बैठकीपर्यंत फरशी ओली व्हायची, त्या भोंग्याचं तोंड आतून जुन्या चपलेच्या चामड्यासारखं झालं होतं.

"आत्या! अगं, इकडे ये आधी!"

बुवांची धाकटी बहीण स्वयंपाकघरातून पळत आली. बुवांची लेक बोलायला लागल्यापासून घरातले सगळेच, स्वतः बुवासुद्धा, तिला आत्या म्हणत. तिच्या हातात वाफाळलेलं पातेलं होतं.

"काय झालं, दादा?"

"हा उठत नाहीये. बघ, मी हाक मारली तर नुसती शेपटी हलवली. तीही अर्धीच."

भोंगा बैठकीच्या कोपऱ्यात आडवा पडला होता. तांबूस अंग, एक कान उभा नि एक पडलेला. बुवांच्या लेकीने त्याला पिल्लू असताना उचलून आणलं होतं, आणि बुवा सूर लावू लागले की हाही मान वर करून त्यांच्यावर कडी करायचा, म्हणून बुवांनीच त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं. त्याचं खाणंपिणं तेव्हा लेकच बघायची. पुढे लेक लग्न होऊन गेली तेव्हा सामानाच्या आधी भोंगा गाडीत जाऊन बसला. आता लेकीचे दिवस भरले होते. डॉक्टरांनी तिला आधीच दवाखान्यात दाखल व्हायला सांगितलं, आणि जावई भोंग्याला इथे सोडून तिला तिकडे घेऊन गेला. जाताना लेक मोटारीच्या खिडकीतून ओरडून सांगत होती, "बाबा, पाणी भरपूर ठेवा त्याला! उन्हाळा आहे!"

तर पाणी भरपूर होतं. बैठकीत एक वाडगं, ओसरीवर एक, आत्याच्या खोलीच्या दाराशी एक. तिन्ही काठोकाठ. तिन्ही कोमट, आणि तिन्हींत ज्येष्ठमधाची एकेक काडी.

हे घर गळ्याचं होतं. बुवा प्रवचनं गायचे. मध्येच गोष्ट, मध्येच पद, मध्येच एखादा असा आलाप की मागच्या रांगेतला खोकणारा माणूस खोकायचं विसरे. त्या गळ्याला जपायचं म्हणून या घरात गार पाणी कधी कुणी प्यायलं नाही. पिंपातलं पाणी आधी उकळायचं, मग कोमट करायचं, मग त्यात काडी टाकायची. प्रवचन असलं की पंखा बंद, खिडक्या बंद. वाऱ्याने सूर बसतो. आणि सध्या तर बुवांची मालिकाच चालू होती, गल्लीच्या टोकाच्या सभागृहात, रोज संध्याकाळी. आज शेवटचं प्रवचन. म्हणजे बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आणि आत ही बंद बैठक. त्या बैठकीत केसाळ अंगाचा भोंगा, आणि त्याच्यापुढे काढा.

तो वाडग्यापाशी यायचा, हुंगायचा, बुवांच्या तोंडाकडे बघायचा आणि परत फिरायचा.

आणि बुवांना त्यातून काय दिसलं म्हणता? भक्ती दिसली.

"लेकीसाठी पाणी सोडलंय त्याने," ते आत्याला म्हणाले होते. आणि आदल्या संध्याकाळी तर त्यांनी भर सभेत, हात उंच करून, हीच गोष्ट गाऊन सांगितली. मालकीण दवाखान्यात, नि हा मुका जीव तिच्या नावाने उपास करतो. आपण दोन पायांचे, आपल्याला एक वेळचा चहा सुटत नाही! काय सांगू, सभागृहात डोळ्याला रुमाल न लावलेला माणूस उरला नाही. लेकीचा फोन आला तेव्हा मात्र बुवा "मजेत आहे तो" एवढंच म्हणाले. अवघडलेल्या पोरीच्या जिवाला घोर नको.

आता ते भोंग्यापाशी गुडघ्यावर बसले होते.

"दादा," आत्या हळूच म्हणाली, "हा उपास नाही वाटत मला."

त्याच क्षणी दार वाजलं. समोरच्या दुकानातले टेलरमास्तर. गळ्यात मापाची टेप, हातात एक फूल.

"बुवा, त्या भक्ताचं दर्शन घ्यावं म्हटलं. काल रात्री बायको जेवलीच नाही हो. म्हणाली, कुत्रा उपाशी आणि मी कशी—"

"मास्तर, गाडी आहे का दारात?"

"आहे की."

"मग फूल ठेवा आणि पाय धरा."

"त्याचेच धरायला आलोय."

"अहो, मागचे! मी पुढून उचलतो!"

तर अशी वरात निघाली. पुढे मास्तर गाडी हाकताहेत, मागे बुवा नि आत्या, आणि दोघांच्या मांडीवर आडवा भोंगा. बुवांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या दोन्ही काचा आपल्या हाताने खाली केल्या. गरम का होईना, वारा आत घुसला. भोंग्याने नाक जरा वर केलं.

"लेक बाळ घेऊन दारात उतरेल," बुवा म्हणाले, "आणि पहिली हाक याला मारेल. मी काय सांगू तिला? तिच्यासाठी गेला म्हणून सांगू?"

"आधी जाऊ तर दे दवाखान्यात," आत्या म्हणाली. ती आपल्या रुमालाने भोंग्याचं तोंड पुसत होती. पुसायला ओल नव्हती, तरी पुसत होती.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पिंजऱ्यातून एक मांजर शिव्या घालत होतं, तिकडे ढुंकूनही न बघता तिने भोंग्याला टेबलावर घेतलं. आधी ताप पाहिला. मग हिरडीवर अंगठा दाबून सोडला. पांढरा झालेला ठिपका गुलाबी व्हायला रेंगाळला. मग मानेमागची कातडी चिमटीत धरून वर उचलली नि सोडली. ती झटकन बसायला हवी होती. बसली नाही. तशीच उभी राहिली, आणि मग सावकाश, नाइलाजाने खाली गेली.

"चुणी पडली," मास्तर पुटपुटले, आणि आपण बोललो याची त्यांनाच लाज वाटली.

"अंगातलं पाणी आटलंय," डॉक्टर म्हणाली. "उष्माघात नाही, नशीब. उलटी झाली? जुलाब?"

"नाही."

"शू कधी केली होती?"

बुवांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने आठवून सांगितलं, "काल सकाळी. थोडीशी. चहासारखी गडद."

"पाणी ठेवलं होतं ना समोर?"

"तीन वाडगी," बुवा म्हणाले. "उकळून कोमट केलेलं. ज्येष्ठमध घालून."

डॉक्टरचे हात थांबले. "ज्येष्ठमध?"

"गळ्यासाठी."

"कुणाच्या?"

बुवांचा हात आपल्याच गळ्याकडे गेला. डॉक्टरने सलाईनची पिशवी खाली उतरवली, भोंग्याच्या खांद्यांमधली कातडी तंबूसारखी उचलली आणि सुई आत सरकवली. "कातडीखाली देतेय. तिथून अंग हळूहळू ओढून घेईल. आणखी उशीर केला असतात तर शिरेतून द्यायची वेळ आली असती, आणि मूत्रपिंडांचं सांगता आलं नसतं. यापुढे एक लक्षात ठेवा. कुत्र्याने दिवसभर पाण्याला तोंड लावलं नाही तर वाट बघायची नाही. का पीत नाही याची कारणं घरी बसून शोधायची नाहीत. उचलायचं नि आणायचं."

बुवांनी मान खाली घातली. काल ज्या माणसासमोर अख्खं सभागृह मान खाली घालून बसलं होतं, तो माणूस.

पिशवी उतरत गेली तशी भोंग्याच्या पाठीवर उंटासारखी मदार उभी राहिली. ती हलकेच एका बाजूला कलली, खांद्यावरून घसरली आणि पुढच्या पायावर जाऊन लोंबली. भोंग्याने वळून तिच्याकडे असं पाहिलं, की ही कोण बाई आपल्या अंगावर बसली! मास्तरांना हसू आवरेना.

"अहो, बाही उसवली याची!"

आत्याही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"आता तोंडानेही द्यायचं," डॉक्टर म्हणाली. "नळाचं ताजं, गार पाणी. बर्फाचं नको. पण एकदम वाडगं पुढे करू नका. तहानलेलं जनावर ढसाढसा पितं आणि सगळं उलटून टाकतं. दोन-तीन चमचे, मग थांबायचं, मग परत. मान वर करून घशात ओतायचं नाही, श्वासनळीत जाईल. त्याचं त्याला चाटू द्या. आणि शू केली की मला हाक मारा. त्याने शू केली म्हणजे आपण जिंकलो."

"किती वेळ थांबायचं मध्ये?" बुवांनी विचारलं. ते घड्याळ वापरत नसत.

"थोडा वेळ. अं... एखादं गाणं होईल एवढा."

बस्स. तेवढं पुरलं त्यांना.

दवाखान्यामागे टिनाच्या छपराची पडवी होती, कोपऱ्यात नळ, छताला पंखा. बुवा पंख्याच्या अगदी खाली, फरशीवर मांडी घालून बसले. आत्याने नळाचं पाणी बशीत घेतलं. चमचा भरून तिने भोंग्याच्या तोंडाशी धरला.

भोंग्याने हुंगलं. थांबला. बुवांच्या तोंडाकडे पाहिलं.

"घे रे राजा," बुवा म्हणाले. "काही नाही त्यात. नुसतं पाणी आहे."

जीभ बाहेर आली. लप्.

तो एवढासा आवाज; पण सांगतो तुम्हाला, भरल्या सभेत टाळ्या पडल्या तरी बुवांच्या अंगावर कधी असा काटा आला नव्हता. दुसरा चमचा, लप् लप्. तिसरा. मग आत्याने बशी मागे घेतली, आणि भोंगा तिच्या मागे मान लांब करकरून बघू लागला. आता वेळ काढायचा होता. बुवांनी डोळे मिटले आणि अगदी खालच्या पट्टीत, ओठांतल्या ओठांत, सुचेल तसं धरलं:

"घोट घोट घे रे जीवा, नको करू घाई,
देणाऱ्याच्या घागरीला तळ ठावा नाही..."

एक पद, तीन चमचे. एक पद, तीन चमचे. आत्या पाणी पाजायची, बुवा वेळ गायचे. मास्तर मापाच्या टेपचं टोक मांडीवर आपटून ठेका धरू लागले. बाहेर बाकावर बसलेली माणसं एकेक करून पडवीच्या दाराशी आली: ससा घेतलेली एक मुलगी, पायाला पट्टी बांधलेल्या कुत्रीचे म्हातारे मालक, कुणी पोपटाचा पिंजरा सांभाळत. कुणी कुणाला काही विचारलं नाही. पद संपलं की सगळ्यांची नजर चमच्याकडे, चमचा रिकामा झाला की सगळ्यांची बुवांकडे. शिव्या घालणारं ते मांजरसुद्धा गप्प झालं होतं.

मधूनच आत्या स्वतःची ओली बोटं पुसायच्या आधी क्षणभर तशीच गालाला लावायची. पण तिकडे कोण बघतंय! सगळे भोंग्याच्या जिभेत गुंतलेले.

दुपार कलली. भोंग्याच्या पाठीवरची मदार ओसरत चालली. डोळे आत गेले होते ते जरा वर आले. आणि एका पदाच्या मध्यावर, बुवांनी आवाज किंचित चढवला मात्र, खालून एक घोगरी, फाटकी साथ आली.

"ऊ—ऊऊ."

"लागला! भोंगा लागला!" मास्तर ओरडले.

बुवा गायचे थांबले नाहीत, फक्त त्यांचा सूर गेला. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा साफ गेला, आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती.

भोंगा उठला. पुढचे पाय लटपटले, मागचे सावरले. डुलत डुलत तो पडवीतून बाहेर पडला, दवाखान्याच्या अंगणात आला. त्याच्यामागे बुवा, बुवांमागे आत्या, तिच्यामागे ससा, पोपट, म्हातारे मालक, सगळी मंडळी श्वास रोखून. भोंग्याने एक झाड हुंगलं. नापसंत केलं. विजेचा खांब हुंगला. तोही सोडला. मग तो मास्तरांच्या गाडीपाशी गेला, पुढच्या चाकाला एक फेरी घातली, आणि पाय उचलला.

अशी धार, अशी धार! थांबेचना. फिकट पिवळी, उन्हात चमकणारी.

"घ्या!" मास्तरांनी दोन्ही हात आभाळाकडे केले. "माझी गाडी पावन झाली! डॉक्टर! अहो डॉक्टर!"

नेमका तेव्हाच बुवांच्या खिशातला फोन वाजला. पलीकडून जावई किंचाळत होता.

"बाबा, झाली! झाली!"

"इकडेही झाली!" बुवा त्याच्याहून मोठ्याने ओरडले.

"काय? इकडे काय झाली?"

"शू!"

"बाबा... मुलगी झाली मला. दोघी छान आहेत."

बुवा मटकन अंगणातल्या पायरीवर बसले. फोन त्यांनी आत्याच्या हाती दिला, भोंग्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि आपलं कपाळ त्याच्या कपाळाला लावलं. काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही. बोलणं त्यांचं नि त्याचं होतं, आणि तिसरा जो ऐकत होता त्याला मोठ्याने सांगावं लागत नाही.

संध्याकाळी सभागृहात जायच्या आधी बुवा नि आत्या लेकीकडे गेले. भोंग्याला डॉक्टरने रात्रभरासाठी ठेवून घेतलं होतं. सकाळी न्या म्हणाली.

लेक उशीला टेकून बसली होती, कुशीत कापडाचं एवढंसं गाठोडं. बाळाचं तोंड लाल, मुठी आवळलेल्या. बुवांनी वाकून एका मुठीला करंगळी टेकवली.

"भोंगा कसा आहे, बाबा?"

बुवांनी सांगितलं. काही लपवलं नाही. काढा, बंद खिडक्या, भर सभेतली ती गोष्ट, सगळं. लेकीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, मग हळूहळू परत आला. तिने डोळे मिटून घेतले नि उघडले.

"आता पितोय ना?"

"पितोय. नळाचं. जनावरांच्या त्या डॉक्टरपुढे मला अगदी शाळेतल्या पोरासारखं उभं राहावं लागलं बघ."

लेक हसली. मग तिची नजर खिडकीपाशी उभ्या असलेल्या आत्याकडे गेली, आणि तिथेच राहिली.

"बाबा, बाहेर गार पाण्याचं यंत्र आहे. एक पेला आणता?"

बुवा लगबगीने गेले, पेला भरून आणला. पेल्याला बाहेरून दव सुटलं होतं. त्यांनी तो लेकीपुढे धरला.

"मला नको, मी प्यायलेय. आत्याला द्या."

"तिला?" बुवा हसले. "अगं, ती कुठे गार—"

"बाबा, मी शाळेतून येताना तिथल्या नळावर बाटली भरून आणायचे. रोज. कुणासाठी आणत होते मी?"

"गप गं तू," आत्या म्हणाली. "काहीतरी जुनं उकरून काढतेस. बाळ निजलंय."

पण पेला तिने घेतला. दोन्ही हातांनी घेतला. आधी नुसताच गालाला लावला. मग तोंडाला लावला, आणि मान मागे टाकून, डोळे मिटून, घटाघटा, तळापर्यंत प्यायली. घसा वर-खाली होत होता. बुवा बघत होते. त्यांच्या बहिणीने आयुष्यात कधी एक ओळ गायली नव्हती.

पेला खाली आला. आत्याने हाताच्या पाठीने ओठ पुसले आणि भावाकडे न बघता विचारलं,

"आणखी मिळेल?"

बुवांनी तिच्या हातून पेला घेतला. सभागृहात माणसं जमायला लागली असतील, दिवे लागले असतील. ते वळले आणि भराभरा बाहेरच्या यंत्राकडे गेले.

इथे थांबतो. भोंगा आता चांगला धडधाकट आहे, त्याची काळजी नको. तुम्ही फक्त एवढं करा: घरी जाल, घामाघूम होऊन पेला तोंडाला लावाल, पहिला गार घोट आत उतरेल, तेव्हा क्षणभर थांबा आणि त्या आत्याची आठवण काढा.